निसर्गावर आधारित ताज्या सुगंधांचा संच: चारही परफ्यूम सारखेच का येतात?

हिरवा_कोंब
चार परफ्यूमचा संच करायचा आहे: जंगल, नदी, पाऊस, कुरण. प्रत्येकात कॉन्सन्ट्रेटच्या (अल्कोहोल न घातलेल्या सुगंधी मिश्रणाच्या) १००० भागांत कोल्ड-प्रेस्ड (साल दाबून काढलेलं) बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल १५०, लिंबू १००, हेडिओन (जाईसारखा हलका वास देणारं कृत्रिम द्रव्य) १५० आणि तळाला पांढरे मस्क (कस्तुरीच्या धर्तीची कृत्रिम द्रव्यं). बाकीचं प्रत्येकाचं वेगळं. हे कॉन्सन्ट्रेट अल्कोहोलमध्ये १५%. वास घ्यायच्या कागदी पट्टीवर पहिली दहा मिनिटं छान वाटतं, मग चारही पट्ट्या सारख्या लागतात. अर्ध्या तासाने फक्त धुतलेल्या कपड्यांचा वास उरतो. चूक संकल्पनेत आहे की फॉर्म्युल्यात?

मृद्गंध
दोन्हींत, पण आधी संकल्पना. 'जंगल' ही जागा झाली, वास नव्हे. चुरगळलेलं पान, ओली साल, शेवाळ, तापलेली राळ हे सगळे जंगलाचेच वास, पण एका वेळी येत नाहीत. प्रत्येक परफ्यूमसाठी एक क्षण ठरवा: ऋतू, प्रहर, ओल किती, जमीन कसली. त्या क्षणातले तीनच वास लिहून काढा. चौथा घुसू देऊ नका.

'पाऊस' घ्या. सरीआधीची हवा ओझोनची, पहिल्या थेंबांनी उठणारा वास मातीचा, सर ओसरल्यावर ओल्या पानांचा. हे तीन वेगळे परफ्यूम आहेत. पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव ईझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली दिलं, तेव्हा त्यांनी कोरड्या दगड-मातीत मुरलेल्या तेलांकडे बोट दाखवलं होतं. ओल्या मातीचा ठसठशीत वास मात्र जिओस्मिनचा, जो स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू तयार करतात. म्हणजे पाऊस दगडावरचा की मातीवरचा, हेही ठरवावं लागतं.

परफ्यूमचा वास थराथराने उलगडतो: आधी वरचा, मग मधला, शेवटी उरतो तो तळाचा. संच वाटण्यासाठी सामायिक धागा एकाच थरात ठेवा, तोही तळात. तुमचे तर वरचा, मधला आणि तळाचा असे तिन्ही थर सामायिक आहेत.

थेंब_थेंब
आता मात्रा. खालचे आकडे १००० भागांतले आणि सुरुवातीपुरते आहेत.

कुरण: कापलेल्या गवताचा खरा रेणू सिस-३-हेक्सेनाल टिकत नाही, म्हणून सिस-३-हेक्सेनॉल वापरतात. तेही काही मिनिटांत उडतं. ३ भाग हेक्सेनॉलच्या जोडीला ४० भाग सिस-३-हेक्सेनिल सॅलिसिलेट द्या, म्हणजे हिरवेपणा मधल्या थरापर्यंत पोचतो. वाळल्या गवताच्या गोडसर वासासाठी थोडं कुमारिन. ट्रिप्लाल हे तीव्र हिरव्या वासाचं द्रव्य २ भागांच्या वर नेलं की बाकी सगळं झाकून टाकतं.

नदी: इथे बहुतेक जण कॅलोन या समुद्री वासाच्या कृत्रिम द्रव्याकडे वळतात आणि नदीचा समुद्र होतो, वर कलिंगडाची फोड. गोड्या पाण्यासाठी फ्लोरालोझोन आणि हेलिओनाल ही ताज्या, पाणीदार वासाची कृत्रिम द्रव्यं आणि व्हायलेटच्या पानांचा ॲब्सोल्यूट (द्रावकाने काढलेला दाट अर्क) घ्या. कॅलोन हवंच असेल तर १% द्रावणातून, थेंबाथेंबाने.

पाऊस: जिओस्मिन नाकाला अब्जांशाहूनही कमी प्रमाणात कळतं. ०.१% द्रावण करून त्याचे १ ते २ भाग टाका. जास्त झालं की बीट किंवा कोंदट तळघर. आम्ल माध्यमात ते मोडतं आणि वास जातो, हेही ध्यानात ठेवा.

जंगल: गॅल्बेनम (हिरव्या वासाची राळ), व्हेटिव्हर (वाळा), एव्हर्निल (शेवाळी वासाचं कृत्रिम द्रव्य). एव्हर्निल शेवाळाचा भाग सांभाळतं, त्यामुळे ओकमॉस या नैसर्गिक अर्काच्या वापरावर असलेल्या मर्यादेची चिंता उरत नाही.

हेच व्हेटिव्हर, एव्हर्निल आणि सोबत आयसो ई सुपर (लाकडी वासाचं कृत्रिम द्रव्य) असा तळ चौघांना द्या. मस्क निम्मे करा. धुतलेल्या कपड्यांचा वास तिथूनच येतो.

हिरवा_कोंब
मग बर्गमॉट काढून टाकू का?

शुद्ध_अर्क
एखाद्यात ठेवा, पण तुमचं प्रमाण सुरक्षित नाही. १००० त १५० म्हणजे तयार परफ्यूममध्ये २.२५%. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात इफ्राची (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मर्यादा ०.४% आहे, कारण त्यातल्या बर्गाप्टेन या घटकामुळे उन्हात त्वचा भाजते. कोल्ड-प्रेस्ड लिंबाची मर्यादा २%, आणि दोन्हींचा परिणाम एकत्र मोजायचा असतो. बर्गाप्टेन काढलेलं बर्गमॉट आणि डिस्टिल्ड लिंबू घ्या. लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनिन हवेने ऑक्सिडाइज झालं की ॲलर्जी करू शकतं, म्हणून त्या तेलांत ०.१% बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य) टाका आणि बाटली भरलेली, थंड ठेवा.

मुरायला तीन-चार आठवडे द्या. मग पट्ट्यांवर फक्त आकडे लिहून नवख्यांना एक तासानंतरचा वास द्या, पहिला नको. चारही वेगळे ओळखता आले नाहीत तर मधला थर पुन्हा बांधा, वर काही वाढवू नका.