२६ जुलैसारखा पाऊस जनरेटिव्ह मॉडेलला कधी जमणार?

ढगफुटी:
पावसाचा सिंथेटिक डेटा बनवायला हल्ली गॅन नाहीतर डिफ्यूजन (नॉइज, म्हणजे रँडम आकडे, घेऊन त्यातून खऱ्यासारखा डेटा बनवणारी मॉडेलं), आणि सरासरी, कोरडे दिवस वगैरे सगळं मस्त जुळतं. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तसला दिवस यातून निघायची आशा सोडा. नुसता डेटा कमी म्हणून नाही हां. आत गाऊसियन (घंटेच्या आकाराच्या वितरणातला) नॉइज आणि वर लिपशिट्झ नेटवर्क, म्हणजे इनपुट जेवढं सरकेल त्याच्या ठराविक पटीपलीकडे आउटपुट सरकूच शकत नाही, मग बाहेरची टेलही (वितरणाचं टोक, जिथे दुर्मिळ मोठे आकडे असतात) गाऊसियनसारखीच झटकन संपणार, कितीही जीपीयू जाळा. नॉइजच स्टुडंट-टी (जाड टेलचं वितरण) घ्या की सरळ.

नंदू_क्वांट:
म्हणजे उत्तर आधी हातानं भरायचं आणि मग मॉडेल शिकलं म्हणायचं? स्टुडंट-टीचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (टेल किती जाड ते ठरवणारा आकडा, लहान तेवढी जाड) ३ घेतले तर टेल ३ ची, ५ घेतले तर ५ ची, यात शिकलं काय? १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ (अमेरिकेचा शेअर निर्देशांक) एका दिवसात २२.६ टक्के पडला, तो एक पॉइंट डेटात ठेवला की टेल इंडेक्स (डेटावरून काढलेला तोच जाडीचा आकडा) एक, काढला की दुसरा, आमच्या शेअरवाल्यांचा हा नेहमीचाच तमाशा. त्यापेक्षा लॉग घेऊन ट्रेन करा, शेवटी एक्स्पोनेन्शियल मारा, विषय कट.

ढगफुटी:
कुठला कट? गाऊसियनचं एक्स्पोनेन्शियल म्हणजे लॉगनॉर्मल, त्याचे सगळे मोमेंट (आकड्यांच्या घातांची सरासरी) फायनाइट, पॅरेटोची (घातांकाच्या नियमानं सावकाश उतरणारी) टेल त्यातून येत नाही. (आणि शून्य पावसाच्या दिवसाचा लॉग कसा घेता ते पण सांगा!) हातानं भरायचंच म्हणाल तर गाऊसियन घेणं हेही हातानंच भरणं आहे, फक्त त्याबद्दल कोणी ओरडत नाही. डिग्रीज ऑफ फ्रीडम ट्रेनिंगमध्येच शिकवता येतात, नाहीतर थ्रेशोल्डवरच्या (ठरवलेल्या मर्यादेपलीकडच्या) आकड्यांना जनरलाइज्ड पॅरेटो (टोकाच्या आकड्यांसाठीचं वितरण) बसवा.

कोरडवाहू:
तुम्ही दोघं एकाच स्टेशनच्या टेलवरून भांडताय राव. त्याच २६ जुलैला कुलाब्याला पाऊणशे मिमीसुद्धा नव्हता, शहर तेच! मल्टिव्हेरिएट टी (सगळ्या स्टेशनांना मिळून एकच टी) घेतला तर टोकाचे आकडे सगळ्या स्टेशनांवर एकत्र यायला लागतात, प्रत्येकाला सुटा टी दिला तर एका वेळी बहुतेक एकच स्टेशन बुडतं, आणि खरा पाऊस या दोन्हीच्या मधला कुठलातरी. खरी मारामारी इथे आहे, इंडेक्स ३ की ५ हे नंतर बघू.

नंदू_क्वांट:
हे पटलं. पण तपासणार कशावर? एफआयडी (बनवलेला डेटा खऱ्याशी किती जुळतो ते मोजणारा आकडा) तर मीन आणि कोव्हेरियन्स (सरासरी आणि आकडे एकमेकांसोबत कसे बदलतात ते) बघून गप्प बसतो, टेलचं त्याला काही पडलेलं नसतं. आणि ढगफुटीराव, तो जनरलाइज्ड पॅरेटोचा थ्रेशोल्ड ९५ पर्सेंटाइलला लावायचा की ९९ ला, ते कोण ठरवणार? तेही हातानंच ना?