साठीनंतर वेगवान व्हिडिओ गेम: सोडावेत की सेटिंग बदलावीत?

पटमांडू: साठी ओलांडलेल्यांनी वेगवान गेमच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत. स्टारक्राफ्ट 2 हा वेगवान युद्धाचा गेम खेळणाऱ्या 16 ते 44 वयाच्या 3,305 जणांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिसाद 24 व्या वर्षापासूनच मंदावताना दिसला. त्यापेक्षा सिव्हिलायझेशन 6 किंवा स्ले द स्पायर घ्या. आपली पाळी आली की हवा तेवढा विचार करा, वाटल्यास चहा करून या.

दोन_कांड्या: त्याच अभ्यासात मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या चाली आणि शॉर्टकट वापरून ती कसर भरून काढत होते. ते बरं गाळलंत! आणि कित्येकदा मंद असतो तो टीव्ही. चित्र गुळगुळीत करण्याच्या खटाटोपात तो बटण दाबल्यावर 100 मिलिसेकंदांपर्यंत उशीर लावू शकतो. पिक्चर मेनूत 'गेम मोड' चालू केला की हा उशीर बराच कमी होतो. मग गेमच्या सेटिंगमध्ये बटण 'धरून ठेवा'ऐवजी 'एकदा दाबा' करा. प्लेस्टेशन 5 वर ॲक्सेसरीज, कंट्रोलर्स इथे जाऊन ट्रिगरचा (कंट्रोलरच्या मागच्या बटणांचा) अवरोध बंद करा. अंगठा-बोटं दुखणाऱ्यांना फरक लगेच कळतो. सेलेस्टसारख्या गेममध्ये तर वेग 50 टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो.

दूरजवळ: दोघांनीही डोळे विसरले. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर असलेल्या) मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो. मॉनिटर 60-70 सेंमीवर असेल तर हनुवटी वर करून बघावं लागतं आणि तासाभरात मान धरते. डोळे ते पडदा अंतर टेपने मोजा आणि त्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. गरगरत असेल तर मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर करणारा परिणाम) आणि कॅमेऱ्याचे हेलकावे बंद करा, दृष्टिक्षेत्र (एफओव्ही, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा परिसर) वाढवा, कॅमेरा वळण्याचा वेग उतरवा. मळमळ सुरू झाल्यावर 'होईल सवय' म्हणून रेटू नका, तिथेच थांबा.

पटमांडू: एवढी डागडुजी कशासाठी? मेंदू तल्लख होतो म्हणून? 'मेंदूचे गेम' विकणाऱ्या लुमोसिटीला फसव्या दाव्यांवरून 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले.

दोन_कांड्या: लुमोसिटीचं समर्थन कोण करतंय? पण न्यूरोरेसर या गेमवर 60 ते 85 वयाच्या लोकांनी महिनाभर सराव केला, आणि एकाच वेळी दोन कामं करण्यातली सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली होती. नेचर हे विज्ञान नियतकालिक, 2013.

पटमांडू: तो गेम त्या प्रयोगासाठीच बनवला होता. दुकानातल्या गोळीबाराच्या गेमला त्याचं श्रेय कसं देता? शिवाय तुमची वेग कमी करायची सोय एकट्याने खेळताना. ऑनलाइन समोरचा विशीतला पोरगा थोडाच हळू होणार?

दोन_कांड्या: श्रेयाचं मान्य. ऑनलाइनचं मात्र नाही. संघाच्या गेममध्ये नेमबाजीखेरीज कामं असतात: नकाशावर लक्ष ठेवणं, जखमींना बरं करणं, जागा अडवून धरणं. ओव्हरवॉच या गेममधलं मर्सी हे पात्र घ्या, तिचा उपचाराचा झोत सोबत्यावर आपोआप चिकटून राहतो. नेम धरायची तितकीशी गरजच पडत नाही.