मदत हवी आहे: इंडियन पॅराशूट रेजिमेंटचा (१९४५) कॅप बॅज नक्की कोणी काढला?

मंडळी, जुने लष्करी बिल्ले, मेडल्स यातलं कोणाला कळत असेल तर जरा बघा. आमचे चुलत आजोबा ३ मराठा पॅराचे (मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी, छत्रीधारी बटालियन), १९४८ ला जम्मू-काश्मीरमधल्या झांगडच्या लढाईत होते, त्यांच्या ट्रंकेत एक कॅप बॅज सापडलाय. मधे उघडलेलं पॅराशूट, दोन बाजूंना पंख, वर मुकुट आणि मुकुटावर सिंह, थोडक्यात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचा असतो तसाच, फक्त पॅराशूटच्या बुडाशी इंग्रजीत इंडिया लिहिलंय. पंखांची पिसं पॉलिश करून करून पार गुळगुळीत झालीत पण ती पाच अक्षरं अजून बोटाला टोचतात. मागे दोन कड्या आहेत, कारखान्याचा शिक्का नाही.

आता गंमत अशी की चित्रकार कोण विचारलं की जो तो एडवर्ड सीगोचं नाव सांगतो. सीगो नॉरिचचा, चांगला लँडस्केपवाला, युद्धात कॅमफ्लाजचं काम करणारा मेजर, आणि १९४२ मध्ये ब्रिटिश छत्रीधारी फौजांचं पेगॅसस हे चिन्ह त्यानेच काढलं हे बरोबरच आहे, पंखवाला घोडा आणि वर भाला घेतलेला बेलेरोफोन, मरूनवर फिकट निळा. पण अहो ते बाहीवर शिवायचं चिन्ह, टोपीवरचा बिल्ला नाही! पुढे लगेच कादंबरीकार दाफ्ने द्यु मॉरिएचा किस्सा येतो, ब्रिटिश छत्रीधारी फौजांचे प्रमुख ब्राउनिंगसाहेब, त्यांची बायको म्हणून टोपीचा मरून रंग तिने निवडला वगैरे, तिने स्वतः नाही म्हणून सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत.

इंडियन पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली १ मार्च १९४५ ला, ४ बटालियन, जुन्या १५२ पॅराशूट बटालियनमधले हिंदू पहिलीत आणि मुसलमान चौथीत, आणि १९४६ संपता संपता मोडलीसुद्धा. त्यानंतर ५० पॅरा ब्रिगेडमध्ये पायदळाच्या बटालियन आल्या त्यात ३ मराठा, तीच १९५२ ला २ पॅरा झाली. मग आजोबांकडे हा बिल्ला कसा? आधीच्या रेजिमेंटमधून आलेल्या कोणी दिला असेल का, की ते स्वतःच तिथे होते?

मला मुख्य विचारायचंय ते हे, की बिल्ल्याचं मूळ ड्रॉइंग ब्रिटिशच ठेवून दिल्लीच्या जीएचक्यूत (लष्करी मुख्यालयात) नुसती अक्षरं घातली, की इथल्या कोणा ड्राफ्ट्समनने नवीन काढलं? डाय (बिल्ला ठोकायचा साचा) बर्मिंगहॅमचा की इथलाच? त्या काळी आपल्या बाजारातले कारागीरही वाळूच्या साच्यात बिल्ले ओतून द्यायचे, पण याच्या कडा तशा खडबडीत नाहीत. मंजुरीची फाइल नॅशनल अर्काइव्हजला शोधावी की लंडनच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये? डक्सफर्डच्या एअरबोर्न म्युझियमशी किंवा बेळगावच्या मराठा सेंटरशी कोणी पत्रव्यवहार केला असेल तर कोणाच्या नावाने लिहायचं तेवढं सांगा.

आणि विकणार का असं कृपया विचारू नका, नाही विकायचा.