मदत हवी आहे: सिएटल ते अँकरेज गाडीने, कॅनडामार्गे. पिस्तूल सोबत नेता येईल का?

उत्तरवाट:
नमस्कार. ऑगस्टमध्ये सिएटलहून अँकरेजला गाडीने जायचं आहे. सुमास-अ‍ॅबट्सफर्डला कॅनडात शिरायचं, डॉसन क्रीकला अलास्का हायवे धरायचा, व्हाइटहॉर्स, बीव्हर क्रीक आणि पुन्हा अमेरिका. मुक्काम बहुतेक तंबूत, अस्वलांचा भाग. माझ्याकडे ग्लॉक १९ हे पिस्तूल आहे आणि रेमिंग्टन ८७० ही पंप शॉटगन, १२ गेज, साडेअठरा इंची बॅरल (नळी). वॉशिंग्टन राज्याचा कन्सील्ड कॅरी परवाना (पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा) आहे. मी ग्रीन कार्डवर, सोबतचा मित्र एच-१बी या कामाच्या व्हिसावर. बॅरलच्या लांबीचा काहीतरी नियम आहे असं कळलं. नक्की काय आहे आणि कागद कोणते लागतील?

देवदार:
ग्लॉक घरी ठेवा. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात १०५ मिमी किंवा त्याहून कमी बॅरल असलेलं पिस्तूल 'प्रोहिबिटेड' (बंदी असलेल्या) वर्गात जातं. ग्लॉक १९ चं बॅरल १०२ मिमी. तीन मिलिमीटरसाठी कोणी सूट देत नाही. .२५ आणि .३२ कॅलिबरची पिस्तुलंही याच वर्गात येतात, त्यांचं बॅरल कितीही लांब असो.

त्यापेक्षा लांब बॅरलचं पिस्तूल 'रिस्ट्रिक्टेड' (निर्बंध असलेलं) ठरतं. त्यासाठी प्रांताच्या चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडून (बंदूक परवान्यांचा मुख्य अधिकारी) वाहतुकीची परवानगी आधी हातात असावी लागते, आणि २१ ऑक्टोबर २०२२ च्या हँडगन फ्रीझनंतर (पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवरची बंदी) हे दार आणखी आवळलं गेलंय. अस्वलापासून किंवा माणसापासून संरक्षण हे कारण प्रवाशाच्या पिस्तुलासाठी चालत नाही. वॉशिंग्टनच्या कॅरी परवान्याला सीमेपलीकडे काहीच किंमत नाही.

शॉटगन मात्र नेता येईल. दुर्गम भागात वन्य प्राण्यांपासून संरक्षण हे लांब बंदुकीसाठी मान्य कारण आहे.

उत्तरवाट:
ग्लॉकला ११५ मिमीचं थ्रेडेड (तोंडाला आटे असलेलं) बॅरल बसवलं तर? आणि लांबी मोजतात कुठून कुठे?

चापकळ:
आधी मोजण्याचं सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकतात. मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुढे बंद करा. मग तोंडाकडून एक लाकडी काडी आत सरकवा. ती ब्रीचफेसला, म्हणजे चेंबरमागच्या सपाट भागाला, टेकली की बॅरलच्या तोंडाशी पेन्सिलची खूण करा आणि काडी बाहेर काढून मोजा. पिस्तुलात चेंबर धरूनच लांबी धरतात. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा वेगळी: सिलिंडरच्या पुढच्या बाजूपासून तोंडापर्यंतच, चेंबर त्यात नाही. म्हणून 'चार इंची' म्हणून विकलेलं रिव्हॉल्व्हर १०१.६ मिमी भरतं आणि अडकतं. फ्लॅश हायडर, मझल ब्रेक असलं तोंडाला लावायचं काही जोडून लांबी वाढत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता थ्रेडेड बॅरल. त्याने फार तर प्रोहिबिटेडचं रिस्ट्रिक्टेड होईल, पण परवानगी आणि कारण या दोन अडचणी जागच्या जागी राहतील. पैसे फुकट जातील.

शॉटगनलाही हीच काडी लावा. फॅक्टरीचं बॅरल असेल तर साडेअठरा इंच म्हणजे साधारण ४७० मिमी, काळजी नाही. पण लांब बॅरल कापून आखूड केलेलं असेल तर कॅनडात ४५७ मिमीच्या खाली ती थेट प्रोहिबिटेड. कापून आखूड केलेल्या बंदुकीची एकूण लांबीही ६६० मिमीपेक्षा कमी नको. सेकंडहँड घेतली असेल तर तोंडाकडे नीट बघा: मणी म्हणजे पुढचं साइट गायब असेल किंवा कडेवर कानशीचे ओरखडे असतील तर कापलेलं समजा.

देवदार:
कागद. घरातून निघण्याआधी सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमाशुल्क खातं) कार्यालयात फॉर्म ४४५७ करून घ्या. फी नाही. अधिकारी सीरियल नंबर प्रत्यक्ष पाहून शिक्का मारतो, म्हणून बंदूक न्यावी लागते, पण ती गाडीतच ठेवा आणि आधी आत जाऊन विचारा. परत अमेरिकेत शिरताना 'ही इथूनच नेलेली आहे' याचा पुरावा हाच.

कॅनडाच्या बाजूला आरसीएमपी (कॅनडाचे केंद्रीय पोलीस) ५५८९ हा अनिवासींचा घोषणापत्र फॉर्म. घरी भरा, सही करू नका, ती अधिकाऱ्यासमोरच करायची. बंदुका कितीही असोत, फी २५ कॅनेडियन डॉलर. शिक्का बसला की तोच ६० दिवसांचा तात्पुरता परवाना. परतीचा प्रवास साठ दिवसांत बसतो का पाहा. मुदत संपण्याआधी नूतनीकरण होतं. काडतुसं २०० पर्यंत करमुक्त. स्लगची (एकच जड गोळी असलेली काडतुसं) दोन-तीन खोकी पुरे.

बूथवर खिडकी खाली करताच पहिल्या वाक्यात बंदूक आहे हे सांगा. हात स्टिअरिंगवर. 'दाखवू का' म्हणत मागे वळू नका.

गाडीत बंदूक रिकामी, केसमध्ये, डिकीत कुलूपबंद. डिकी नसलेल्या गाडीत दिसणार नाही अशी झाकून, गाडी लॉक करून. मॉटेलवर ट्रिगर लॉक लावा, काडतुसं वेगळ्या कुलपात. बॅन्फ-जॅस्परकडून वळसा घेणार असाल तर राष्ट्रीय उद्यानात ती बाहेर काढायचीच नाही.

पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ ठेवा. एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डधारकाला कॅनडाचा व्हिसा किंवा ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवानगी) लागत नाही. मित्राचं तसं नाही, त्याला व्हिसा बघावा लागेल.

सीमोल्लंघन:
मित्राबद्दल कुणी बोललं नाही आणि मला तीच खरी काळजी वाटते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) असलेल्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक काय, एक काडतूससुद्धा बाळगता येत नाही. मुख्य अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो नसेल तर शॉटगनच्या केसची किल्ली त्याच्याकडे देऊ नका, बंदूक डिकीत असताना त्याला एकट्याला पेट्रोल भरायला पाठवू नका. तंबूबाहेर 'जरा धर' म्हणणंसुद्धा नको. इथे पणाला त्याला पुढे मिळू शकणारं ग्रीन कार्ड लागलेलं आहे.

उत्तरवाट:
हे डोक्यातच नव्हतं. मनापासून आभार. मग त्याच्या हाताशी काय ठेवू?

देवदार:
बेअर स्प्रे, दोघांच्या कमरेला एकेक. लेबलवर प्राण्यांसाठी असल्याचं छापलेलं हवं, तो सीमेवर चालतो. माणसांवर वापरायचा पेपर स्प्रे कॅनडात प्रतिबंधित शस्त्र आहे, किल्लीच्या जुडग्याला लटकणारा छोटासा असला तरी. निघायच्या आदल्या रात्री ग्लव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, सीटखालची जागा आणि रेंजवर नेता ती बॅग रिकामी करून बघा. ग्लॉकचं विसरलेलं मॅगझिन नेमकं तिथेच सापडतं. पंधरा गोळ्यांचं असेल तर तेही चालत नाही, पिस्तुलाच्या मॅगझिनला मर्यादा दहाची आहे.