अनुभव धागा : प्लेलिस्टमधून नवं संगीत कसं शोधता?

स्पॉटिफाय हे गाणी ऐकायचं ॲप भारतात २०१९ साली आलं. शास्त्रीय, नाट्यगीतं, अभंग ऐकणाऱ्याने त्यावर आजवर न ऐकलेलं काही शोधायचं तर काय करावं? कुठलं बटण, किती गाणी, कुठे बिघडतं, असं नेमकं लिहा.

*

सुरुवात ‘डिस्कव्हर वीकली’पासून. दर सोमवारी ३० गाण्यांची नवी यादी येते आणि जुनी जाते, म्हणून आवडलेलं गाणं त्याच क्षणी स्वतःच्या यादीत टाका.

ही यादी बरीचशी इतर श्रोत्यांच्या प्लेलिस्टवर उभी असते. तुम्ही ऐकता ती गाणी ज्यांनी आपल्या यादीत घातली आहेत, त्यांच्याकडे शेजारी आणखी काय आहे ते तुमच्यापर्यंत येतं. अभंगांच्या शेजारी बहुधा भक्तिगीतंच असतात. त्यामुळे भीमसेनजींचे अभंग कितीही ऐकले तरी त्यातून मारवा रागापर्यंत पोचाल असं नाही. मारवा हवा असेल तर मारवा, पूरिया, सोहनी या रागांची वेगळी यादी करून तीच काही आठवडे ऐका. तिघांचे स्वर तेच, चलन (स्वरांतून फिरायची पद्धत) वेगळं, कानालाही मेजवानी.

*

नव्या प्लेलिस्टचं नाव विचार करून द्या. यादी रिकामी असताना खालच्या सुचवण्या नावावरूनच येतात, ‘माझी गाणी १’ या नावातून काय येणार? पाच-सहा गाणी पडली की सुचवण्या गाण्यांवरून येतात. मग ‘रिफ्रेश’ दाबत राहा. एकाच यादीत लावणी आणि ठुमरी घालू नका, दोन्हीकडचं फिकं येतं.

*

रागसंगीताला शफल (गाणी क्रम मोडून वाजवणं) बंद म्हणजे बंद. सतारीचे आलाप, जोड, झाला हे संथ ते द्रुत असे क्रमाने येणारे टप्पे पुष्कळदा वेगवेगळे ट्रॅक असतात. शफलमध्ये झाला आधी आणि आलाप नंतर वाजतो, रागाची बढतच मोडते. सेटिंगमधला क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा सुरू होणं) ० ते १२ सेकंदांचा असतो, तो शून्यावर ठेवा. नाहीतर एका ट्रॅकच्या शेवटावर दुसऱ्याचा तानपुरा चढतो, आणि दोन तानपुरे दोन पट्ट्यांत असले तर ऐकवत नाही.

स्मार्ट शफल निराळं. यादीत १५ पेक्षा जास्त गाणी असली की दर तीन गाण्यांमागे ते बाहेरचं एक घालतं. भावगीतांना उत्तम.

*

वरच्याला जोडून : ३० सेकंद वाजल्यावरच एक वादन मोजलं जातं. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभराच्या घरात जातं. अनोळखी गायकाला निदान दोन समांपर्यंत (सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा) तरी वेळ द्या, नुसत्या तानपुऱ्यावर पुढे ढकलू नका. आणि ४० मिनिटांचा ख्याल हे एकच वादन, तेवढ्या वेळात तीन मिनिटांची तेरा सिनेगीतं होतात. दोन्ही ऐकत असाल तर सुचवण्यांत सिनेगीतांचं पारडं का जड होतं ते यावरून कळेल.

*

घरात एकच खातं असेल तर बडबडगीतांची यादी वेगळी करा आणि तिच्या तीन ठिपक्यांत ‘एक्सक्लूड फ्रॉम युवर टेस्ट प्रोफाइल’ निवडा, म्हणजे ती यादी तुमच्या आवडीत धरली जात नाही. गणपतीत आरत्यांच्या यादीलाही हेच करा, नाहीतर अनंत चतुर्दशीनंतरही सुचवण्यांत आरत्याच येत राहतात. पाहुण्याच्या हाती फोन द्यायच्या आधीही याचसाठी ‘प्रायव्हेट सेशन’ सुरू करा.

*

माझ्या मते सर्वांत चांगली वाट साथीदारांची. आवडत्या मैफलीतल्या तबलावादकाचं किंवा संवादिनीवादकाचं नाव शोधा, त्यांच्या पानावर खाली ‘अपिअर्स ऑन’ बघा. त्यांनी ज्यांना साथ केली ते गायक एकाखाली एक मिळतात, आणि त्यातले कित्येक सुचवण्यांत कधीच येत नाहीत. अर्थात ध्वनिमुद्रिकेच्या माहितीत साथीदारांची नावं भरलेली असतील तरच. जुन्या मुद्रणांत पुष्कळदा नुसता गायक असतो.

शोधताना रोमन स्पेलिंग बदलून बघा. भूप आणि भूपाली, त्यात एक ‘यू’ की दोन ‘ओ’. नाट्यसंगीत जोडून की तोडून. प्रत्येक वेळी निकाल वेगळे येतात.

*

डेटाचं गणित : आवाजाचा दर्जा ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवला तर तासाला साधारण १४४ एमबी, ९६ ला ४३. तुमच्या प्रीमियम (पैसे भरून घ्यायच्या) योजनेत डाउनलोडची सोय असेल तर यादी वायफायवर उतरवून घ्या, मात्र ३० दिवसांतून एकदा तरी फोन ऑनलाइन यायला हवा, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत.