सहावीतल्या पोराच्या मोबाईलला वेळेचं बंधन कसं घालायचं? (घरात आबांचाही मोबाईल आहे)

गिरणीवाली, चोपडा तालुका
नमस्कार मंडळी. आमची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे. संध्याकाळी दादर ज्वारी आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) दळणाची गर्दी असते. पट्टा फिरायला लागला की आतल्या खोलीत पोरगा काय करतोय ते कळत नाही. रात्रीच्या लाईटची पाळी असली की हे केळीला पाणी द्यायला मळ्यात. घरात पोरगा आणि आबा, म्हणजे माझे सासरे.

पोरगा अकरा वर्षांचा. क्लासचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो म्हणून यांचा जुना मोबाईल त्याला दिला. आता गृहपाठ पाच मिनिटं आणि फ्री फायर मॅक्स हा गेम जेवण निवेपर्यंत. मोबाईल काढून घेता येत नाही, कारण मळ्यातून काही निरोप असला तर फोन त्याच्याच मोबाईलवर येतो. माझा वाजला तरी गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही.

त्यात जीमेल त्याने स्वतःच काढलंय, जन्मसाल 1998 टाकून. गूगलच्या हिशोबाने तो माझा धाकटा भाऊच! फॅमिली लिंकचं, म्हणजे मुलांच्या मोबाईलवर लक्ष ठेवायच्या गूगलच्या ॲपचं, ऐकलंय, पण असल्या खात्यावर ते चालेल का? आणि फोन करता-घेता आला पाहिजे, बाकीचं बंद.

मोबाईल_दुरुस्ती, भुसावळ
ताई, त्या खात्याच्या नादी लागू नका. मोठ्या माणसाचं म्हणून काढलेलं खातं मुलाचं करत बसण्यापेक्षा नवीन काढणं सोपं. तुमच्या मोबाईलवर फॅमिली लिंक टाका, त्यातूनच पोराचं खातं खऱ्या जन्मतारखेने काढा. मग त्याच्या मोबाईलमधून जुनं जीमेल काढा आणि नवीन घाला. जुनं तसंच ठेवलं तर तो त्याच वाटेने प्ले स्टोअरमध्ये शिरेल. आधी फोटो आणि नंबर तेवढे दुसरीकडे घेऊन ठेवा.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. एक, दिवसाची मर्यादा: रोज एवढेच तास. दुसरी, डाउनटाइम: अमुक वाजल्यापासून मोबाईल बंद. तुम्हाला दोन्ही लागतील, कारण नुसती मर्यादा ठेवली तर तो वेळ वाचवून रात्री खेळेल. शिवाय एकेका ॲपला वेगळी वेळ देता येते. फ्री फायर मॅक्सला अर्धा तास द्या किंवा सरळ ब्लॉक करा. (2022 साली फ्री फायरवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे पालक खूश होऊन यायचे. मॅक्स चालूच होतं.)

लॉक पडला तरी आलेला फोन उचलता येतो, म्हणजे मळ्यातला निरोप चुकणार नाही. आणि पालकाचा कोड म्हणून एक आकडा तुमच्या ॲपमध्ये दिसतो, तो पोराच्या मोबाईलला नेट नसतानाही लॉक उघडतो. मात्र तो थोड्या वेळाने बदलतो, तेव्हा वहीत लिहून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

मास्तर, अमळनेर
गृहपाठाबद्दल एक. व्हॉट्सॲपची वयाची अटच 13 आहे. क्लासचा ग्रुप तुमच्या नंबरवर घ्या, सरांना तसं सांगा, कोणी नाही म्हणत नाही. आमच्या वर्गात बहुतेक आयांच्याच नंबरवर आहे. गृहपाठ तुम्ही वाचून दाखवला की मोबाईल हातात धरायचं त्याचं निम्मं निमित्त संपलं.

यूट्यूबसाठी फॅमिली लिंकमध्ये वेगळं ठरवावं लागतं. यूट्यूब किड्स अकरा वर्षांच्या पोराला बाळबोध वाटतं, मग तो भांडतो. त्यापेक्षा पालकांच्या देखरेखीखालचं यूट्यूब निवडा, त्यात वयाप्रमाणे पायऱ्या आहेत.

खान्देशी_भो
समदं बराबर शे. पण आबाना फोनले कुलूप कोन लावी?

गिरणीवाली, चोपडा तालुका
भो, नेमकं तेच झालंय! भुसावळवाल्या दादांनी सांगितलं तसं केलं, साडेआठला मोबाईल बंद. गडी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं शहाणा झाला. आत जाऊन बघते तर आबा कीर्तन ऐकत पडलेले आणि हा गोधडीत आबांचा मोबाईल घेऊन. कीर्तन रेडिओवर चालू होतं, म्हणून आबांना काही फरक पडला नाही.

आबांना बोटाचा ठसा लावून दिला तर लागत नाही. उभी हयात शेतात गेली, बोटं घासली आहेत. म्हणून नक्षी काढून उघडायचं ठेवलंय, आणि ती पोराला पाठ आहे. आबांना काही बोलायची सोय नाही, म्हणतात, "नातू माझा आहे, मोबाईल माझा आहे." पीएम किसानचा मेसेज आणि बँकेचा ओटीपीही तिथेच येतो.

मोबाईल_दुरुस्ती, भुसावळ
आबांचं खातं मोठ्या माणसाचं, तिथे फॅमिली लिंक नको. आधी गेम काढून टाका, कारण पुढची सेटिंग आधीच असलेल्या ॲपला लागू होत नाही. मग आबांच्या प्ले स्टोअरमध्ये सेटिंग, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल. तिथे पिन लावा आणि वयाची मर्यादा 3+ ठेवा. मग नातवाला प्ले स्टोअरमधून तो गेम पुन्हा घेणं अवघड जाईल. पिन आबांना कळवायची गरज नाही, त्यांना काही नवीन टाकायचंच नसतं.

क्रोम, फाईल आणि बँकेच्या ॲपला मोबाईलमधलंच ॲप लॉक लावा. बऱ्याच कंपन्यांच्या मोबाईलमध्ये ते आधीपासून असतं. त्याची नक्षी मात्र वेगळी ठेवा. आणि आबांची जुनी नक्षी बदलताना नातवाला गिरणीत पाठवा, पीठ चाळायला.