अनुभव धागा : रोजच्याच वाटेवर तुम्हाला काय सापडलं?

फळा_आणि_खडू :

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तीन दशकांहून जास्त काळ चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर आता नाशिकला, इंदिरानगरला असते.

शाळेच्या दाराशी एक फळा होता. प्रार्थनेआधी त्याच्यावर रंगीत खडूंनी काहीतरी काढायचं, हे माझं रोजचं काम. आपल्या जिल्ह्यात फलक रेखाटन करणारे कलाशिक्षक पुष्कळ आहेत. सण, जयंत्या, पुण्यतिथ्या सगळेच काढतात, मीही काढल्या. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज आणि २ मार्चला १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह तर दरवर्षी. पण ज्या दिवशी कुठलीच जयंती नसते, त्या दिवशी काय काढायचं? मग मी शाळेत येताना वाटेत जे दिसेल ते काढू लागले.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवरचे डोळे कापसतात. वरचं तपकिरी टरफल उकलतं आणि आतली पांढरट लव दिसते. एका सकाळी तो एकच डोळा फळाभर मोठा काढला. मुलांच्या घरी एकरांनी बागा, तरी सगळी फळ्याभोवती गोळा झाली. "बाई, हे तर आमच्या मळ्यातलं!" त्या आवाजातला अभिमान मला पुढे कितीतरी वर्षं पुरला.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे. नुसतं पाहून झालेला आनंद संध्याकाळपर्यंत विरतो. पाहिलेल्याचं हातानं काही केलं, चार रेघा, दोन ओळी, एखादं खेळणं, तर तो आपला होऊन राहतो.

(खडूचं नेहमी विचारतात म्हणून सांगते: रंगीत खडू साखरेच्या पाण्यात थोडा भिजवून ओलाच वापरा. वाळल्यावर रंग उठून दिसतो, भुकटीही कमी गळते.)

इथे शिक्षक बरेच आहेत. तुम्हाला काय सापडलं आणि त्याचं तुम्ही काय केलंत, लिहा. मोठं काही नको.

नकाशावाले_सर :

बाई, मी गोदाकाठच्या शाळेत भूगोल शिकवतो. पूर किती चढला हे नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात. पाणी पायाशी, कमरेला, छातीला. मुलं घरून हेच ऐकून येतात. म्हणून वर्गाच्या भिंतीवर मारुतीचं उभं चित्र लावलं. रोजची पातळी मुलं निळ्या रेघेनं दाखवतात. शेजारी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तेही लिहितात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, घरच्या दोन बादल्या. हे कळल्यावर पेपरातला आकडा मुलांना खरोखर भिववू लागला.

मग एका मुलीनं विचारलं, "सर, होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा मोठा कसा?" सगळ्या वर्गानं मिळून शोधलं. धरणापासून खाली पुलापर्यंत पडणारा पाऊस आणि वाटेतले नालेही नदीतच येतात. ज्या नाल्यावरून ती रोज उडी मारून येते, तो त्या आकड्यात होता. दुसऱ्या दिवशी तिनं नकाशात तो स्वतः काढून आणला. पाठ्यपुस्तकातल्या नकाशात तो नाही. मला तो नकाशा फार देखणा वाटतो.

मळेकरी :

बाई, ओळखलंत का माहीत नाही, त्या फळ्यापुढच्या गर्दीत मी होतो. चित्रकला माझी बेताचीच. पण बागेची वही मी अजून चित्रांनी भरतो. पोंगा अवस्था (डोळ्यातून नुकता फुटलेला कोंब), फुलोरा, विरळणीच्या आधीचा आणि नंतरचा घड. वडील म्हणायचे, फोटो काढ की. फोटोत सगळंच येतं. काढायला बसलं की पानामागचा डाग आधी दिसतो. भुरी, म्हणजे तो पांढऱ्या बुरशीचा रोग, मी दोनदा अशीच वेळेत धरली. आणि खरं सांगू का, मण्यात पाणी उतरायला लागतं तेव्हा हिरवा रंग आतून निवळत जातो. तो मला अजून जमलेला नाही, दर हंगामाला बसतो.

डोंगरपाडा :

सुरगाणा तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. पावसाळा सरता सरता इथे खुरासणी, म्हणजे कारळं, फुलते आणि डोंगरउतार पिवळे होतात. शहरातली माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. आमच्या मुलांना नवल वाटायचं, यात एवढं काय?

शाळेतलं भिंग बाहेर काढलं. फूल उकललं. कडेला आठेक पिवळ्या पाकळ्या आणि मधल्या बोंडात बारक्या फुलांची दाटी. तिसरीतली पोरगी म्हणाली, "गुरुजी, हा तर अख्खा पाडा हाये." मग मुलांनी तसाच पाडा काढला. प्रत्येक बारक्या फुलात एकेक घर, घराखाली नाव. विधवा आजीचं एकटं घर कडेला पडत होतं, ते मुलांनी आपणहून मध्ये घेतलं. मी काहीही सांगितलं नव्हतं.

पुढे बिया आल्या. नागली, वरई, खुरासणी वेगवेगळ्या कागदांत ठेवून दगडानं ठेचल्या. खुरासणीच्या कागदावर तेलाचा डाग पडला, वरईच्या नाही. डाग उजेडाकडे धरला तर पलीकडचं बोट दिसलं. एका मुलानं तो कागद पुस्तकातल्या मोरावर ठेवला आणि मोर गिरवला. तेव्हापासून आमचा ट्रेसिंग पेपर शाळेतच तयार होतो.

फळा_आणि_खडू :

गुरुजी, तेलकट कागदावर पेन्सिल घसरत असेल. ६बीची मऊ पेन्सिल द्या मुलांना.

बालवाडीच्या_ताई :

रंगाची एक भर घालते. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडतात, तेव्हा आमची चिमुरडी पळसाची फुलं वेचून आणतात. उकळली की पिवळसर केशरी पाणी निघतं. एका वाटीत चिमूटभर चुना घातला की रंग गडद होतो, दुसरीत लिंबू पिळलं की फिकटतो, तिसरी तशीच ठेवतो. तीनही वाट्यांत कागदाचे तुकडे बुडवून आम्ही पताका करतो. चुन्याची वाटी मोठ्यांनीच हाताळायची आणि ते पाणी अंगावर उडवायचं नाही.